हमालांची बिअर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. इथे मिनियापोलिसमध्ये जानेवारी चालू आहे आणि बाहेर उणे बावीस. अशा दिवसांत माणूस एकतर बर्फ उपसतो नाहीतर ब्लॉग लिहितो.

तर झालं असं, की गेल्या शनिवारी दुकानात फुलर्सची लंडन पोर्टर दिसली, दोन बाटल्या घेतल्या. ही बिअर बर्फासारखी गार प्यायची नसते, दहा-बारा अंश पुरे. फ्रीज गच्च भरलेला, म्हणून मी अतिशहाणपणानं एक बाटली बाल्कनीत ठेवली आणि विसरलो. दोन तासांनी बघतो तर काच तडकलेली आणि आत काळा गोळा! (बायको काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.) दुसरी स्वयंपाकघरात खिडकीच्या काचेला टेकून ठेवली होती, ती बरोबर जमली.

ओतली तर काळीकुट्ट. दिव्यासमोर धरल्यावर कडेला लालसर दिसते. वर फिल्टर कॉफीसारखा फेस. पहिल्या घोटाला भाजलेल्या कॉफीचा कडवटपणा, मग बिनसाखरेचं चॉकलेट, आणि गिळल्यावर मागे जे राहिलं ते मला ओळखीचं वाटलं. दुसरा घोट घेतला तेव्हा कळलं. तव्यावर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा! लहानपणी तो मी आजीकडून मागून खायचो. आश्चर्य नाही म्हणा, इथेही धान्यच भाजलेलं असतं. जव भिजवून मोड आणायचे, मग भाजायचे. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या माणसानं कॉफीसारखं फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हा काळा रंग. त्याआधीची पोर्टर तपकिरीच असायची.

पण लिहायचं होतं ते नावाबद्दल. पोर्टर म्हणजे हमाल. अठराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर आणि थेम्सच्या धक्क्यांवर ओझी वाहणारे हमाल ही बिअर प्यायचे, म्हणून तिला त्यांचं नाव पडलं. जहाजांतून धान्य, कोळसा, मीठ उतरवायचं आणि मधेच एक ग्लास. त्यांच्यासाठी ती दारूही होती आणि जेवणही. पिकाडिलीवर तर १८६१ साली खांद्याच्या उंचीवर एक लाकडी फळी उभारली होती, हमालांना पाठीवरचं ओझं टेकायला. ओझं जमिनीवर ठेवलं की पुन्हा उचलून द्यायला दुसरा माणूस लागतो ना.

हे वाचलं आणि मी ग्लास खाली ठेवला.

माझे आजोबा हमाल होते. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. अप्पा पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि दाणाबंदरला पोती वाहिली. क्विंटलभराचं पोतं डोक्यावर घ्यायचं आणि फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, दिवसभर. राहायला गाववाल्यांबरोबर एका खोलीत, झोपायच्या पाळ्या. माथाडी कायदा १९६९ चा, म्हणजे अप्पांची उमेदीची वर्षं त्याआधीच संपलेली. चौथीत 'माझे आजोबा' असा निबंध होता. मी लिहिलं, 'ते मुंबईत धान्याच्या व्यापारात होते.' बाबांनीच तसं सांगितलं होतं. बाईंनी शेरा दिला, छान.

अप्पा प्यायचे. हे आजीनं मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासताना, माझ्याकडे न बघता. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला होता, त्यामुळे हातभट्टीची नवटाक, गल्लीच्या टोकाला, धाडीची भीती मनात धरून. आजीला त्याचा राग होता आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, घरी मनिऑर्डर कमी यायची ती तिलाच जाणवायची. पण लंडनचा हमाल भर दिवसा चारचौघांत प्यायचा आणि त्याचं नाव बाटलीवर छापलं गेलं. अप्पा अंधारात प्यायले आणि आम्ही त्यांचं काम लपवलं. आणि आता त्यांचा नातू त्यांच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतके डॉलर देऊन चव घेतोय.

असो. आत्या हा ब्लॉग वाचते, म्हणून आधी तिला फोन केला. दारूवरून बोलणी खायची तयारी ठेवली होती.

"बिअर प्यालास ते लिही की हवं तर," ती म्हणाली. "पण अप्पांचं हमालीचं कशाला रं? तुझ्या बापाला आवडायचं नाही."

"आत्या, बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, वाच काय लिहिलंयस ते. मी आतापर्यंतचं सगळं वाचून दाखवलं, नवटाकसुद्धा. मधे तिच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी ती उठली नाही.

"संपलं?"

"हो."

"गव्हाचं पोतं डोक्यावर न्हाई घेत बाळा. पाठीवर घेतात. वाकायचं, आणि मानेवर टेकवायचं. अप्पांच्या मानेला इथं घट्टा होता, मी तेल लावायचे. तेवढं नीट लिही."