बोट काट्यावर चढली तेव्हा

गेली दोन-अडीच वर्षं मांडव्याच्या जेट्टीवर जो भेटेल त्याला मी एकच सल्ला देत होतो : बोट जुनी झाली म्हणून विकू नका, मोठं इंजिन बसवा. दोघांनी तो मनावर घेतला. त्यातल्या एकाने त्यासाठी मुदतठेव मोडली, हे मला फार उशिरा कळलं. माझा सल्ला चुकीचा होता. तो देताना तो चुकीचा असल्याची शंका मला आली होती, हे त्याहून वाईट. म्हणून हे लिहितो आहे.

मी ट्रकच्या इंजिनांचा माणूस. कळंबोलीत एकतीस वर्षं डिझेलची कामं केली. ‘गाडी ओढत नाही’ अशी तक्रार घेऊन ड्रायव्हर आला की माझा हात आधी इंजिनाकडे जायचा, आणि दहांतल्या आठ वेळा दोष तिथेच सापडायचा. एवढी वर्षं आपलं बरोबर ठरत गेलं की माणूस इतर काही तपासायचंच विसरतो.

२०१९ मध्ये मी एक जुनी स्पीडबोट घेतली. २४ फुटी, फायबरची, १९९७ सालची. आत १९० हॉर्सपॉवरचं पेट्रोल व्ही-६ इंजिन आणि मागे स्टर्नड्राइव्ह. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असतं आणि गिअर व पंखा असलेला पाय मागच्या भिंतीतून बाहेर लोंबतो. वळायचं तर तो अख्खा पायच वळतो, वेगळं सुकाणू लागत नाही. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने ही व्यवस्था बाजारात आणली आणि सहलीच्या बोटींचं रूपच बदललं. पण या मांडणीत ड्राइव्हचं वजन आणि पंख्याचा सगळा रेटा येतो तो त्या मागच्या भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर. हे वाक्य मला पाठ होतं. त्याचा अर्थ कळला नव्हता.

कॅटलॉगप्रमाणे बोट ३१ नॉट पळायला हवी होती. माझी पळायची २६. इंजिन मी स्वतः उघडून पाहिलं. कॉम्प्रेशन चांगलं, सगळे सिलिंडर सारखे. तिथेच थांबून विचार करायला हवा होता की इंजिन धडधाकट आहे, तर पाच नॉट गेले कुठे? मी उलटा निष्कर्ष काढला : इंजिन ठीक आहे, पण लहान आहे. त्यात त्याच कॅटलॉगात हीच बोट ३०० हॉर्सपॉवरच्या व्ही-८ सह मिळत असल्याचं दिसलं. म्हणजे कंपनीचीच परवानगी! वहीत त्रैराशिक मांडलं. १९० ला २६, तर ३०० ला किती? ४१. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

व्ही-८ आणि त्याला साजेसा ड्राइव्ह, दोन्ही वापरलेले पण चांगल्या स्थितीतले, बसवणुकीसकट पावणेनऊ लाखांना पडले. ट्रकवाला असलो तरी एक शहाणपण केलं : मोटारीचं व्ही-८ स्वस्तात मिळत होतं, ते घेतलं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळाशी साचते. तिथे मोटारीच्या स्टार्टरची एक ठिणगी पुरते. मरीन इंजिनाचा स्टार्टर आणि अल्टरनेटर बंदिस्त असतात ते यासाठी. एवढी काळजी घेतली म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

एप्रिल २०२३ मधल्या एका रविवारी चाचणी घेतली. जागा : गेटवेसमोरचं पाणी. लोकांनी पाहावं ही इच्छा होती, नाकारत नाही. भाचा मोबाइलवर जीपीएस धरून बसला होता. लिव्हर पूर्ण पुढे. नाळ उचलली गेली, बराच वेळ तशीच वर राहिली, मग सावकाश खाली आली.

“किती?”

“एकोणतीस, मामा.”

“नीट बघ.”

“नीटच बघतोय. आणि गेटवे ते मांडवा आठेक सागरी मैल धरले तर आपली दोन मिनिटं वाचली.”

पूर्ण थ्रॉटलला ४,६०० ते ५,००० फेरे घ्यायला हवेत असं ते इंजिन ३,७०० वर अडकलं होतं. घाटात चौथा गिअर टाकलेल्या ट्रकसारखं ते कण्हत होतं. मी काय केलं? तीन आठवडे इंजेक्टर आणि पेट्रोलची लाइन तपासली. जुनी खोड. मग १९ इंच पिचचा पंखा काढून १५ इंचाचा लावला. पिच म्हणजे पाणी घसरलं नसतं तर पंखा एका फेरीत जेवढा पुढे गेला असता ते अंतर. ते चार इंचांनी कमी केल्यावर इंजिनाला श्वास मिळाला, फेरे ४,५०० झाले, वेग ३१. जवळजवळ नऊ लाख खर्चून मी कॅटलॉगातल्या लहान इंजिनाचा आकडा गाठला होता. पेट्रोल मात्र दीडपट जळू लागलं.

जेट्टीवर विचारणाऱ्यांना मी ३५ सांगितलं. ज्या दोघांनी माझं ऐकलं, त्यांनी हा पस्तीसचा आकडा ऐकला होता.

जून २०२४ मध्ये पावसाळ्यासाठी बोट ट्रेलरवर घालून कळंबोलीच्या शेडमध्ये न्यायला निघालो. वडखळच्या पुढे ट्रेलरचा पाटा तुटला. बोटीचं मला कळेनासं झालं असेल, पण पाट्याचं मला कळतं. साडेतीन टनांच्या ट्रेलरवर सव्वादोन टनांची बोट असताना पाटा असा तुटत नाही. दुसरा पाटा टाकला आणि शेडवर न जाता आयुष्यभर ज्या काट्यावर ट्रक वजन करताना पाहिले, त्या काट्यावर ट्रेलर चढवला. मग बोट उतरवून रिकाम्या ट्रेलरचं वजन केलं. वजाबाकी आली ३,१८० किलो. पूर्ण टाकी धरूनही ती २,३०० च्या आसपास असायला हवी होती. नवं इंजिन आणि ड्राइव्ह जुन्यापेक्षा जड, त्याचे ८० वजा केले तरी बोट वर्षानुवर्षं पावणेआठशे ते आठशे किलो जादा ओझं वाहत होती. दहा-बारा माणसं तळाखाली लपून फुकट प्रवास करत होती म्हणा ना.

ती माणसं शोधायला डेक कापला. डेकखालच्या पोकळीत, बोट बुडू नये म्हणून, फोम भरलेला असतो. तो पाणी पीत नाही असं म्हणतात. पंचवीस वर्षांत पितो. हाताने दाबला की स्पंजासारखा गळत होता. बोटीच्या लांबीभर जाणाऱ्या आतल्या लाकडी कण्या काळ्या पडलेल्या. जागा होती म्हणून ठेवलेला दुसरा नांगर, तिसरी बॅटरी, जड साखळी, कधीच न वापरलेलं संडासाचं भांडं, हे तर मीच भरलं होतं. ट्रान्समवर प्लास्टिकची हातोडी मारत गेलो. कोरड्या प्लायचा आवाज टणक येतो. इथे डबडब येत होता. खाली एक भोक पाडलं तर चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं. ज्या भिंतीवर सगळा रेटा येतो म्हणून मी पाठ केलं होतं, त्या कुजलेल्या भिंतीला मी तीनशे घोडे जुंपले होते.

चूक समजायला मला माझाच धंदा उपयोगी पडला. सपाट रस्त्यावर ट्रक भरलेला असो की रिकामा, त्याच्या कमाल वेगात फार फरक पडत नाही. फरक दिसतो घाटात. पाण्यावर मात्र सपाट रस्ता नसतो. आमच्या २४ फुटी बोटीसारखी बोट सहा नॉटपर्यंत पाणी बाजूला सारत जाते. त्यापुढे तिला पाण्यातून वर उठून पृष्ठभागावर घसरावं लागतं. त्यासाठी ती नाळ तीन-चार अंश उचलून धावते. म्हणजे ती कायम तीन-चार अंशांचा चढ चढत असते, आणि हा घाट कधी संपत नाही. भरलेला ट्रक बोरघाटात कसा रांगतो हे ज्याने आयुष्यभर पाहिलं, त्याला हे सुचू नये?

हिशेबाचं सूत्रही शंभर वर्षांच्या आसपासचं निघालं. १९२४ आणि १९२५ चा गोल्ड कप जिंकणारी ‘बेबी बूटलेगर’ ज्याने आखली, त्या जॉर्ज क्राउच या अमेरिकन आरेखकाचं. अशा बोटीचा वेग ताकदीच्या प्रमाणात वाढत नाही. ताकद भागिले वजन, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दीडपटीहून थोडी जास्त ताकद दिली तर वेग सव्वापट. माझे ४१ तिथेच ३२-३३ वर आले. आणि वजन त्याच सूत्रात खालच्या बाजूला बसलेलं. आठशे किलो काढणं हे जवळपास पासष्ट हॉर्सपॉवर वाढवण्याइतकंच होतं. त्यासाठी ना जादा पेट्रोल, ना ट्रान्समवर जादा ताण.

शेडमध्ये बोट अशी उघडी पडलेली असताना १८ डिसेंबर २०२४ उजाडला. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा जणांचा जीव गेला. नौदलाच्या त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. त्या दुर्घटनेवर मत देण्याची माझी योग्यता नाही. पण ‘इंजिनाची चाचणी’ हे शब्द ऐकले आणि मला माझा एप्रिलमधला रविवार आठवला.

त्या दिवशीची एक गोष्ट मी आजवर घरीसुद्धा सांगितलेली नाही. इंजिन बदललं, ड्राइव्ह बदलला, थ्रॉटलची केबल मात्र १९९७ चीच ठेवली होती. ती चालतेय, मग कशाला बदला? वेग मोजून झाल्यावर मी लिव्हर मागे ओढला आणि इंजिन उतरलंच नाही. केबल आत कुठेतरी अडकली होती. दोन सेकंदांनी सुटली. २९ नॉटला दोन सेकंदांत बोट तीस मीटर जाते. डाव्या हाताला प्रवाशांनी भरलेली एक लाँच होती, माणसं आमच्याकडे बघून हात हलवत होती. भाच्यानेही उलट हात हलवला. त्याला काही कळलं नाही. मला कळलं होतं, आणि मी केबलला ग्रीस मारून तो विषय मिटवला होता.

यानंतर माझं मन नुसतं हिशेबापुरतं बदलून राहिलं नाही. व्ही-८ आणि त्याचा ड्राइव्ह विकला. आलेल्या पैशांतून ट्रान्सम नवा बांधला, कण्या बदलल्या, कोरडा फोम भरला, थ्रॉटल, गिअर आणि स्टिअरिंगच्या केबली नव्या टाकल्या. कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेलं जुनं व्ही-६ त्याच्याच ड्राइव्हसह परत बसवलं. पाण्यात उतरवण्याआधी पुन्हा काटा : २,३४० किलो. गेल्या ऑक्टोबरात चाचणी घेतली. रविवारी नाही, आणि गेटवेसमोर तर नाहीच. सकाळी लवकर, रहदारीपासून दूर, मोकळ्या पाण्यात. आधी लिव्हर मागे ओढून इंजिन उतरतं का ते दहा वेळा पाहिलं, मग पुढे ढकलला. साडेतीस नॉट. ज्या इंजिनाला मी लहान म्हणून काढलं होतं, त्याने.

मोठं इंजिन बसवूच नये असं माझं म्हणणं नाही. कोरड्या, हलक्या, ट्रान्सम टणक असलेल्या बोटीला व्ही-८ शोभतं. कॅटलॉग खोटा नव्हता. पण कॅटलॉगातली बोट १९९७ साली कारखान्यातून निघालेली होती. आपल्या हातातली बोट त्यानंतर पंचवीस पावसाळे पाणी पिऊन बसलेली आहे. म्हणून इंजिनाचा भाव विचारण्याआधी बोटीचं वजन करा. ट्रान्सम ठोकून बघा. तळाची कालवं खरवडा. पूर्ण थ्रॉटलला फेरे किती येतात ते बघून पंखा ठरवा. एवढं करूनही वेग कमीच वाटला, तर मग इंजिन. आणि नवं इंजिन बसवाल त्याच दिवशी केबलीही नव्या टाका.

ज्या दोघांनी माझं ऐकलं, त्यांना मी काट्याच्या दोन्ही पावत्या पाठवल्या, आणि पस्तीसचा आकडा खोटा होता हेही फोन करून सांगितलं. एकाने फोन ठेवून दिला. दुसऱ्याची बोट येत्या जूनमध्ये कळंबोलीला येणार आहे. काट्याचे पैसे मी भरणार आहे.