धारवाडची उंची आणि धारवाडचा पाया

मनुष्यास उंचीचे वेड फार पुरातन काळापासून आहे. शाळेच्या पुस्तकातील दिल्लीचा कुतुबमिनार, उंची सुमारे ७३ मीटर, हीच एके काळी आम्हांस उंचीची परिसीमा वाटे. आज नर्मदातीरी सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा २०१८ सालापासून उभा आहे. मुंबईत तीनशे मीटरांच्या घरातील निवासी मनोरे झाले आहेत. आणि आखातात नोकरीस गेलेल्या आमच्या गावच्या मुलांनी दुबईतील ८२८ मीटरांच्या बुर्ज खलिफाची छायाचित्रे घरोघरी धाडली आहेत. अशा दिवसांत आम्ही हुबळी-धारवाड पाहून आलो असे सांगितले, की “तेथे उंच असे काय आहे?” हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधू गेल्यास फार खोल जावे लागते.

मिरज, बेळगाव, लोंढा ह्या मार्गाने येणारी आगगाडी प्रथम धारवाडास लागते आणि तेथून सुमारे वीस किलोमीटरांवरील हुबळीस पोहोचते. ही दोन्ही शहरे १९६२ सालापासून एकाच महानगरपालिकेखाली आहेत. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, म्हणून मराठी मनुष्यास येथे फारसे परके वाटत नाही. कथाकार जी. ए. कुलकर्णी ह्यांनी धारवाडातच अध्यापन केले, आणि कन्नड काव्याचे भूषण ठरलेले द. रा. बेंद्रे ह्यांची मातृभाषा मराठी होती. कॅथलिक श्रद्धावंतांच्या दृष्टीने हा भाग १९५३ साली स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांतात मोडतो.

हुबळीचे नाव आज जगात गाजते ते उंचीमुळे नव्हे, तर लांबीमुळे. तेथील श्री सिद्धारूढ स्वामीजी रेल्वे स्थानकाचा १,५०७ मीटर लांबीचा फलाट १२ मार्च २०२३ रोजी राष्ट्रास अर्पण झाला आणि लांबीत गोरखपूरचा फलाट मागे पडला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सामान घेऊन चालावयाचे म्हटले, तर वीस मिनिटे सहज लागतात. जवळच उणकल येथे चंद्रमौळीश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आहे. ते उंचीने ठेंगणेच. परंतु शेकडो पावसाळे अंगावर घेऊन त्याचे दगड अजून जागच्या जागी आहेत.

तथापि हुबळीहून निघून खरोखर उंच चढणारी एक वस्तू आहे. बेंगेरी भागातील खादी ग्रामोद्योग संघात आपला राष्ट्रध्वज ठरलेल्या प्रमाणानुसार तयार होतो. हे काम करणारांत स्त्रियांचीच संख्या मोठी आहे. त्यांच्या हातचे कापड देशभरच्या सरकारी इमारतींवर फडकते; ध्वजाकडे पाहून वंदन करणाऱ्यांस मात्र त्या हातांची ओळख नसते.

आता धारवाडकडे वळू. हे शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून अधिक उंचीवर वसले आहे. म्हणजे जी उंची गाठण्यास दुबईकरांना पोलाद आणि सिमेंट यांची रास रचावी लागली, तिच्या जवळपास धारवाडचा रस्ताच आहे! १९४९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यापीठाची भव्य वास्तू येथील टेकडीवर आहे. ती पाहून मन प्रसन्न होते. पण विद्वानांच्या जगात धारवाडचे नाव अमर झाले आहे ते डोळ्यांस न दिसणाऱ्या गोष्टीमुळे. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ह्या प्रदेशातील अतिप्राचीन खडकांस ‘धारवाड’ हे नाव दिले. हे खडक अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने आहेत. त्याच जातीच्या खडकांत कोलारच्या सोन्याच्या खाणी होत्या. २००१ साली त्या बंद झाल्या, तोवर माणूस तेथे तीन किलोमीटरांहून अधिक खोल उतरला होता. बुर्ज खलिफासारखे तीन मनोरे एकावर एक ठेवले, तरी त्या खाणीत बुडून जातील. पृथ्वीच्या ज्या पायावर आपण सर्व उभे आहोत, त्यास एका गावाचे नाव मिळावे, हा मान काही लहान नव्हे.

पाया म्हटला की बांधकामाची गोष्ट आलीच. हुबळीच्या बाजूस काळी कापसाची जमीन आहे. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातल्यास भिंती तडकतात. म्हणून जाणता गवंडी काळी माती ओलांडून मुरूम अथवा खडक लागेपर्यंत खणतो. हाच नियम थोरामोठ्यांसही लागू आहे. बुर्ज खलिफाखाली १९२ काँक्रीटचे खांब जमिनीत सुमारे पन्नास मीटर खोल उतरविले आहेत. ते कोणाच्याही छायाचित्रात येत नाहीत. परंतु वरचा सारा डोलारा त्यांच्याच भरवशावर आहे.

धारवाडास ह्या गोष्टीची आठवण फार दुःखद रीतीने राहिली आहे. १९ मार्च २०१९ रोजी दुपारी कुमारेश्वर नगरात एक बहुमजली इमारत कोसळली. खाली दुकाने चालू होती व वर बांधकाम सुरू होते. बचाव पथकांनी अहोरात्र राबून ढिगारा उपसला. तीन दिवसांनंतरही काही जण जिवंत सापडले, ही परमेश्वराचीच दया. पण १९ जणांस मृत्यूने गाठले. ती इमारत काही गगनचुंबी नव्हती. आपल्या गावांच्या नाक्यांवर आज उभ्या राहतात तशीच ती होती.

प्रिय वाचकहो, संत लूकच्या शुभवर्तमानात अशीच एक घटना आहे. सिलोआम येथील बुरूज पडून १८ माणसे ठार झाली होती. ती माणसे यरुशलेमातील इतर सर्वांहून अधिक पापी होती काय, असे प्रभू येशूने लोकांस विचारले, आणि स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले. मेलेल्यांच्या माथी दोष मारू नका, जिवंत असलेल्यांनी आपले वर्तन सुधारावे, हा त्या शिकवणीचा अर्थ. ढिगाऱ्याखाली सापडतो तो बहुधा दुकानातील नोकर, गिऱ्हाईक किंवा परांचीवरचा मजूर; पायाचा हिशेब त्याने केलेला नसतो. तो ज्यांनी करावयाचा असतो, त्यांच्यासाठीच प्रभूने बुरूज बांधू पाहणाऱ्याचा दाखला दिला आहे: आधी बसून खर्च मोजावा, मग कामास हात घालावा.

आमच्या गावांतही आता कौलारू घरे जाऊन स्लॅबची घरे आली. थोरल्याच्या लग्नास एक मजला, धाकट्याच्या लग्नास दुसरा, आणि भाडे येईल म्हणून तिसरा. वडिलांनी एका मजल्यापुरता घातलेला पाया मात्र तोच! वरचा मजला चढविण्यापूर्वी जाणकार अभियंत्यास बोलावून पाया तपासावा. त्याची फी जड वाटेल. पण एका जिवापुढे ती काहीच नाही. आणि सळई, सिमेंट यांत काटकसर करून दर्शनी भिंतीस महागडी फरशी लावणे हे केवळ अज्ञान नव्हे. ते पाचव्या आज्ञेविरुद्धचे पाप ठरू शकते, कारण त्यात शेजाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

तेव्हा धारवाडात उंच काय आहे, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर इतकेच, की तेथे उंचीपेक्षा पाया पाहावा. तेथील खडक पाहावा, आणि कुमारेश्वर नगरावरून जाताना क्षणभर थांबून त्या १९ मृतात्म्यांस चिरशांती लाभो, अशी प्रार्थना करावी.