परिच्छेद १६०४१

लोखंडाचं एक कडं, बाहेरून सहा इंच व्यासाचं, पाऊण इंचाहून थोड्या जाड सळईचं. एका अंगाला तांब्याच्या तारेचे वेढे, समोरच्या अंगाला वेगळ्या तारेचे. आणि तारेला तार टेकू नये म्हणून मधे सुतळी आणि मांजरपाट. मायकेल फॅरडेच्या रोजवहीतली २९ ऑगस्ट १८३१ची ही नोंद वाचताना मी अडकले ती त्या मांजरपाटापाशी. आपल्या कोपऱ्यावरचा भुणभुणणारा ट्रान्स्फॉर्मर याच कड्याच्या वंशातला. आणि त्याचा मूळपुरुष लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बसून तारेवर चिंध्या गुंडाळत होता!

शोधनिबंध हा प्रकार मला फार वेळ सोसत नाही. ‘असे आढळून आले’. अहो, पण कुणाला? सकाळी की मध्यरात्री? त्याआधी किती वेळा काहीच आढळलं नव्हतं? निबंधात शिरताना शास्त्रज्ञ चपलांबरोबर स्वतःलाही दाराबाहेर काढून ठेवतो. म्हणून मला त्यांच्या वह्या आवडतात, पत्रं आवडतात. १८६१च्या ऑक्टोबरात डार्विन त्याच्या भूशास्त्रज्ञ मित्राला, लायेलला, कळवतो की आज तब्येत बरी नाही, डोकं चालत नाही, सगळ्यांचा आणि सगळ्याचा राग येतोय. ऑर्किडांवर पुस्तक लिहायचंय आणि आज सर्वांत जास्त राग त्या ऑर्किडांचाच येतोय. पुस्तक पुढच्या वर्षी आलं. त्यात हा राग अर्थातच नाही.

फॅरडे मात्र रागवत नाही, तो नोंदत राहतो. लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागलेला. रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या रसायनशास्त्रज्ञ डेव्हीची व्याख्यानं ऐकून काढलेली टिपणं त्याने स्वतः नीट बांधून डेव्हीलाच पाठवली आणि नोकरी मागितली. कागदाची अदब आधीपासूनच अंगात होती म्हणायची. त्या ऑगस्टातल्या दिवशी त्याने एका वेढ्याला बॅटरी जोडली, तेव्हा दुसऱ्या बाजूची चुंबकसुई क्षणभर हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी काढली, पुन्हा हलली. मधल्या वेळात, वीज वाहत असताना, ढिम्म. त्याने तसंच लिहून ठेवलं. कुठेही जयघोष नाही. महिनाभराने मित्राला लिहिलेल्या पत्रातही सूर तोच: गळाला काहीतरी लागलंय, पण मासा निघतो की शेवाळ, देव जाणे.

१८३२पासून तो परिच्छेदांना क्रमांक घालू लागला. स्मरणशक्ती दगा देते ही त्याची नेहमीची तक्रार होती. मागचं सापडावं म्हणून हे आकडे. १८४९मध्ये त्याच्या मनाने घेतलं की गुरुत्वाकर्षणाचं आणि विजेचं काहीतरी नातं असणार. वहीत पानंच्या पानं तर्क लढवून झाल्यावर तो स्वतःलाच बजावतो की हे सगळं स्वप्न आहे. आणि लगेच, तरी प्रयोग करून बघायला हवेत. मग व्याख्यानगृहात उंचावरून तारेचं वेटोळं खाली उशीवर सोडायचं आणि सुईकडे बघायचं. सुई हलली नाही. दहा वर्षांनी, १८५९मध्ये, साठीच्या उंबरठ्यावरून पुढे गेलेला हा गृहस्थ वॉटर्लू पुलाजवळच्या, बंदुकीचे छर्रे पाडायच्या उंच मनोऱ्यात शिशाचे जड ठोकळे वरखाली करवत होता. तरीही काही नाही. त्यावरचा निबंध छापू नये असं भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सने सुचवलं, फॅरडेने तो निमूट मागे घेतला. वहीतून मात्र कोण मागे घेणार?

वहीतला शेवटचा प्रयोग १२ मार्च १८६२चा. ज्योतीतून येणाऱ्या प्रकाशाच्या वर्णरेषांवर चुंबकाचा परिणाम होतो का, हे पाहिलं. काहीही दिसलं नाही. परिच्छेद १६०४१, त्यापुढे पानं कोरी. या न दिसण्यावर फॅरडेने निबंध काढला नाही. पण भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने लिहिलेल्या फॅरडेच्या परिचयात त्याचा उल्लेख होता, तो डच भौतिकशास्त्रज्ञ झीमनच्या वाचनात आला. फॅरडेसारख्याला ही शंका आली होती, तर चांगली उपकरणं घेऊन पुन्हा पाहायला काय हरकत आहे? १८९६मध्ये लायडेनला चुंबकाजवळ त्या रेषा रुंदावल्या. झीमनला १९०२चं नोबेल.

आपल्याकडे इरावती कर्व्यांच्या रोजवह्या असतील तर मला हव्या आहेत. तोवर ‘परिपूर्ती’ आहेच. त्यातल्या ‘वाटचाल’मध्ये बाई पंढरीच्या वारीला निघाल्या आहेत. हाडामांसाची मोजमापं घेणाऱ्या, बर्लिनहून डॉक्टरेट आणलेल्या मानववंशशास्त्रज्ञ. पण इथे मोजपट्टी नाही. एकाच दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका जेवायला मात्र वेगवेगळ्या बसतात, हे त्यांना दिसतं, टोचतं, आणि तरी त्या चालत राहतात, दोन्हीकडच्यांशी मैत्री करतात. जातीवरचे त्यांचे जाडजूड ग्रंथ मी वाचते तेव्हा मला या बायकाच आठवतात; ग्रंथात त्यांना जागा नाही, तिथे तक्ते आहेत.