राखलेले अजिंक्यपद

गड सर करणे निराळे आणि तो राखणे निराळे, हे महाराष्ट्रातील मुलांना मी सांगावयास नको. गड घेणाऱ्याला एका रात्रीचे साहस कधी कधी पुरते. राखणाऱ्याला मात्र ऊन, पाऊस, कंटाळा आणि स्वतःचे वाढते वय या साऱ्यांशी वर्षानुवर्षे झुंजावे लागते. तरीही पोवाडे बहुधा घेणाऱ्याचेच होतात. खेळाच्या जगातही हाच प्रकार आढळतो. नवा विजेता सर्वांना हवाहवासा वाटतो. जुना विजेता पुन्हा जिंकला, की लोक म्हणतात, ‘त्यात नवल ते काय?’ मला मात्र त्यातच खरे नवल वाटते. म्हणून अमेरिकेतील एका बास्केटबॉल संघाच्या १९६८-६९ सालच्या हंगामाची हकिकत मी येथे सांगणार आहे.

हा संघ बोस्टन शहराचा. त्याचे नाव सेल्टिक्स. बोस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, त्याच राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी १८९१ साली जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ शोधून काढला. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंद दालनात खेळता यावे, म्हणून त्याने फळांच्या दोन टोपल्या उंचावर टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास सांगितले. टोपलीला तळ असल्यामुळे चेंडू आत पडला, की तो काढावयास कोणी तरी वर चढावे लागे! आज टोपलीच्या जागी दहा फूट उंचीवर लोखंडी कडे असते आणि त्याला जाळी असते. पाच जणांनी पाच जणांविरुद्ध खेळावयाचे, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

सेल्टिक्सने १९५९ पासून १९६६ पर्यंत लागोपाठ आठ वेळा अजिंक्यपद मिळविले. १९६७ साली फिलाडेल्फियाच्या संघाने त्यांना हरवून ती मालिका तोडली. १९६८ साली बोस्टनने गेलेले पद परत आणले. आता प्रश्न उरला होता तो एवढाच, की ते पुन्हा राखता येईल काय?

जाणत्या लोकांचे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि त्यांना दोष देता येत नाही. संघाचा आधारस्तंभ बिल रसेल पस्तिशीला आला होता आणि त्याचे गुडघे दुखू लागले होते. नेमबाजीत निष्णात असलेला सॅम जोन्स याचेही वय तेच. हा आपला शेवटचा हंगाम, असे त्याने ठरविले होते. एकेका संघाला ब्याऐंशी सामने खेळावयाचे, आज या शहरी तर उद्या त्या शहरी. तरुण पायांनाही हा प्रवास जड जातो. बोस्टनने ४८ सामने जिंकले, ३४ गमावले आणि आपल्या विभागातील सात संघांत चौथा क्रमांक मिळविला. पुढील फेरीत पहिल्या चार संघांनाच प्रवेश असे. म्हणजे जगज्जेते म्हणून मिरविणारा हा संघ कसाबसा दाराच्या आत आला होता.

रसेलविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. तो केवळ खेळाडू नव्हता. १९६६ पासून तो संघाचा प्रशिक्षकही होता, आणि या व्यावसायिक संघटनेत त्या पदावर बसलेला तो पहिला कृष्णवर्णीय मनुष्य होता. हाताखाली साहाय्यक नाही. स्वतः खेळावयाचे, आणि खेळता खेळताच कोणाला बसवावे, कोणाला उतरवावे, हेही ठरवावयाचे. त्याचे मोठेपण गुण मिळविण्यात नव्हते. प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू हवेतच अडविणे आणि कड्यावर आपटून परत आलेला चेंडू झेप घेऊन हस्तगत करणे, ही त्याची कामे. चेंडू अडविल्यावर पुष्कळ खेळाडू तो जोराने मैदानाबाहेर फटकावतात. लोक टाळ्या वाजवितात, पण चेंडू मात्र पुन्हा शत्रूलाच मिळतो. रसेल तो हलकेच टोलवून सहकाऱ्याच्या हाती देई. मला हा त्याचा गुण फार आवडतो.

अशा माणसाचेही त्याच्या स्वतःच्या देशात सदैव स्वागतच होत होते, असे मात्र नाही. १९६१ साली लेक्सिंग्टन येथील एका हॉटेलात त्याला आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना केवळ वर्णामुळे अन्न नाकारण्यात आले. तेव्हा ते न खेळताच परत फिरले. बोस्टनजवळ त्याचे घर होते, तेथे शिरून काही दुष्टांनी नासधूस केली. शहराला अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्याची ही पाठराखण! तरीही त्याने आपल्या खेळात कसूर केली नाही, आणि अन्याय दिसल्यावर तो गप्पही बसला नाही.

बोस्टनने प्रथम फिलाडेल्फियाला आणि नंतर न्यूयॉर्कला नमविले. अंतिम फेरीत गाठ पडली ती लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाशी. सातांपैकी चार सामने जिंकणारा अजिंक्य ठरावयाचा होता. लेकर्सकडे तीन महारथी होते. जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि त्याच वर्षी संघात आलेला विल्ट चेंबरलेन. सात फुटांहून उंच असलेल्या या चेंबरलेनने १९६२ साली एकट्याने एका सामन्यात शंभर गुण मिळविले होते! वेस्ट आणि बेलर यांनी मात्र बोस्टनकडून वारंवार पराभव सोसला होता. अंतिम फेरीपर्यंत यावे आणि त्याच हिरव्या पोशाखाच्या संघासमोर हरावे, हे त्यांचे जणू प्राक्तनच झाले होते.

पहिल्या सामन्यात वेस्टने ५३ गुण मिळविले आणि लेकर्स दोन गुणांनी जिंकले. दुसराही सामना त्यांनीच घेतला. तिसरा बोस्टनने स्वतःच्या मैदानावर जिंकला. चौथ्यात शेवटचे सात सेकंद उरले असता बोस्टन ८७ विरुद्ध ८८ असे एका गुणाने मागे होते. हरले असते तर पुढचे सारे सामने जिंकण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नसते. त्या वेळी प्रशिक्षक रसेलने खेळाडू रसेलला बाहेर बसविले, कारण आता नेमबाज हवे होते, आणि तो स्वतः तसा नव्हता. तीन सहकारी प्रतिपक्षाच्या वाटेत भिंतीसारखे उभे राहिले, आणि त्यांच्या आडून सॅम जोन्स चेंडू घेऊन उसळला. त्याचा पाय घसरला, तोल गेला. चेंडू कसाबसा हातून सुटला, कड्यावर आदळला, क्षणभर रेंगाळला आणि आत पडला. ८९ विरुद्ध ८८! यात दैवाचा भाग होता, हे मी नाकारणार नाही. परंतु स्वतःला बाहेर बसविण्याचा तो निर्णय दैवाने घेतला नव्हता.

पाचवा सामना लेकर्सनी, तर सहावा बोस्टनने जिंकला. प्रत्येक जण आपापल्या घरीच जिंकत होता, आणि सातवा सामना तर लॉस एंजेलिसजवळच्या फोरम या प्रेक्षागारात व्हावयाचा होता! तारीख होती ५ मे १९६९. लेकर्सच्या मालकाला विजयाची एवढी खात्री, की त्याने छताखाली जाळ्यांत हजारो फुगे भरून ठेविले होते. विजय होताच ते खाली सोडावयाचे आणि वाद्यवृंदाने आनंदाचे सूर आळवावयाचे, असा बेत होता. त्याविषयीचे छापील पत्रक रसेलच्या हाती पडले आणि त्याने ते सहकाऱ्यांना दाखविले, असे सांगतात. सामन्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला याहून चांगले टॉनिक कोणी दिले असेलसे मला वाटत नाही. बिचारा वेस्ट मात्र ते फुगे पाहून आपल्याच मालकावर संतापला.

शेवटच्या भागात बोस्टनची आघाडी सतरा गुणांपर्यंत गेली. मग म्हातारे पाय थकू लागले. दुखावलेल्या पायाला पट्टी बांधून खेळणारा वेस्ट एकामागून एक गुण मिळवीत होता. चेंबरलेनच्या गुडघ्याला इजा होऊन तो बाहेर गेला. पुढे त्याने परत येण्याची तयारी दर्शविली, पण त्याच्या प्रशिक्षकाने त्याला पुन्हा घेतले नाही. तरी अंतर कमी होतच राहिले. सतराचे नऊ, नवाचे एक! एका मिनिटाहून थोडा अधिक वेळ उरला असता, बोस्टनच्या हातून निसटलेला चेंडू डॉन नेल्सनच्या हाती आला आणि त्याने तो घाईघाईने फेकला. चेंडू कड्याच्या मागील बाजूवर आदळून सरळ वर उडाला आणि तसाच सरळ खाली जाळीत उतरला. सामना बोस्टनने १०८ विरुद्ध १०६ असा जिंकला. तेरा वर्षांत रसेलचे हे अकरावे अजिंक्यपद होते. त्या सामन्यात त्याचे स्वतःचे गुण किती होते, ठाऊक आहे? अवघे सहा! पण परत आलेले चेंडू त्याने एकवीस वेळा पकडले होते.

वेस्टने त्या दिवशी ४२ गुण मिळविले. अंतिम फेरीतील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्या वर्षी प्रथमच पारितोषिक ठेवण्यात आले होते. ते त्यालाच मिळाले. पराभूत संघातील खेळाडूला हा मान मिळाल्याचे ते आजवरचे एकमेव उदाहरण आहे. पण त्याला त्याचा आनंद झाला नाही, आणि होणार तरी कसा? सामना संपल्यावर रसेल त्याच्याकडे गेला आणि काही न बोलता त्याचा हात हातात धरून उभा राहिला. वेस्टला अजिंक्यपद मिळाले ते १९७२ साली.

फोरमचे फुगे त्या रात्री छतालाच राहिले. जोन्सने ठरविल्याप्रमाणे निवृत्ती घेतली. त्याच उन्हाळ्यात रसेलनेही खेळ आणि प्रशिक्षकपद दोन्ही सोडले. पुढील हंगामात बोस्टनचा गणवेश तोच होता, मैदानही तेच होते. आदल्या वर्षी ४८ सामने जिंकून ३४ हरलेल्या त्या संघाने या वर्षी ३४ जिंकले आणि ४८ गमावले.