प्रोजेक्ट संपल्यावर

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी आमची कन्या पुण्याहून सुट्टीला आली. इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष संपवून. बाहेर ४८ अंश, म्हणजे सगळं कुटुंब एसीखाली एकत्र. कुवेतच्या उन्हाळ्याचा हा एकमेव फायदा! पहिले दोन दिवस झोपण्यात आणि आईच्या हातचं खाण्यात गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, एखाद्या सामाजिक संस्थेसाठी प्रोजेक्ट करायचाय. शेवटी त्यांचं सही-शिक्क्याचं पत्र लागतं. मंडळाच्या लायब्ररीसाठी ॲप करते. पंधरा दिवसांत होईल."

आमची सौ. खूश. आम्ही मात्र चहाचा कप खाली ठेवला. कारण असलंच एक काम आम्ही एकेकाळी करून बसलो होतो आणि आजवर घरात कुणाला त्याबद्दल सांगितलं नव्हतं.

२००४ साल. आम्ही अमेरिकेत एम. एस. करत होतो. एका विषयाचा प्रोजेक्ट म्हणून चौघांच्या गटाला एक छोटी संस्था मिळाली. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी गरजू कुटुंबांना फुकट शिधा द्यायचा, एवढंच तिचं काम. कारभार सत्तरीच्या एका आजींकडे. त्यांचं सगळं 'रेकॉर्ड' बुटांच्या खोक्यात, हाताने लिहिलेल्या कार्डांवर. ते खोकं बघून आम्हाला हसू आलं होतं, हेही कबूल करून टाकतो.

चार महिने खपून आम्ही ॲक्सेसमध्ये एक सुंदर प्रोग्राम केला. पासवर्ड, रंगीत तक्ते, पुढच्या आठवड्याला पाव-दूध किती मागवायचं त्याचा अंदाज, सगळं त्यात. आजी आमच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला शनिवारीही येत. प्रोग्राम सुरू झाला आणि दुसऱ्याच गुरुवारी पाव कमी पडला. आम्ही एका पत्त्यावर एकच कुटुंब धरलं होतं. तिथे तर एकेका घरात दोन-दोन कुटुंबं भाड्याने राहत होती. आजींच्या कार्डांवर ते लिहिलेलं होतं, पण कार्डं नीट वाचायला आम्हाला वेळ कुठे होता? गंमत म्हणजे आम्ही चौघंही तेव्हा एकाच पत्त्यावर राहत होतो! रांगेत शेवटी उभी असलेली काही कुटुंबं त्या दिवशी पावाशिवाय परत गेली. त्यात एक बाई होती, कडेवर मूल. तिचा चेहरा आम्हाला अजून आठवतो.

चूक आम्ही दुरुस्त केली, पण सत्र संपायला आठवडाच उरला होता. प्रोग्राम कसा चालवायचा हे आजींना घाईघाईत एकदा दाखवलं. आम्हाला 'ए' मिळाला. वर्षभराने सामानाची बांधाबांध करताना जास्तीची पांघरुणं द्यायला त्या तळघरात गेलो, तर कॉम्प्युटरवर फडकं टाकलेलं आणि टेबलावर बुटांचं खोकं. आजी काही बोलल्या नाहीत. तुम्ही मुलांनी फार मेहनत घेतली होती, एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

कन्या ऐकत होती. म्हणाली, "मग करायचंच नाही का?"

तसं नाही. आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात असताना एन. एस. एस.च्या शिबिरात घमेली उचलली असतील. ती योजना १९६९ सालची, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली. पण ते सगळं अभ्यासाबाहेरचं. आता महाराष्ट्रातल्या नव्या अभ्यासक्रमात सामुदायिक सहभागाच्या प्रकल्पाला चक्क श्रेयांक आहेत. आय. आय. टी. मुंबईत ग्रामीण भागाच्या तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे. तिथले विद्यार्थी गावात राहून पाण्यासारख्या प्रश्नांचा अभ्यास करतात आणि तो अभ्यास म्हणूनच धरला जातो. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९९५ साली एडवर्ड कॉइल आणि लिआ जेमिसन या प्राध्यापकांनी 'एपिक्स' नावाचा उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांचे गट गावातल्या सेवाभावी संस्थांसाठी काम करतात. त्यातली आम्हाला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे सत्र संपलं तरी गट संपत नाही. जुने विद्यार्थी पास होऊन जातात, नवे येतात आणि काम हातातून हातात जातं. संस्थेला वाऱ्यावर सोडून कुणी पसार होत नाही.

आमच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. आमचं सत्र डिसेंबरात संपलं, आजींचा गुरुवार थोडाच संपणार होता?

आणि कुवेतमध्ये तर हा प्रश्न दुप्पट. इथे विद्यार्थी जाणारा, तशी संस्था चालवणारी मंडळीही जाणारीच. नोकरी संपली की इकामा संपतो, आणि लॅपटॉपमधली यादी माणसाबरोबर विमानात बसते. २०२० च्या मे महिन्यात इथे पूर्ण संचारबंदी होती, तेव्हा आम्ही काही मित्र फोनवरून औषधांची सोय बघत होतो. जवळची यादी आमचीच, आम्हीच केलेली. फोन लावावा तर निम्मे लोक केव्हाच भारतात परतलेले आणि नव्याने आलेल्यांची नावंच नाहीत. सोळा वर्षांत आम्ही फारसं शिकलो नव्हतो म्हणायचं.

म्हणून कन्येला एकच अट घातली. पहिले दोन शुक्रवार लॅपटॉप घरी ठेवून जायचं आणि नुसतं बघायचं.

लायब्ररी म्हणजे साल्मियात एका काकूंच्या घरी चार कपाटं, सहाशेच्या आसपास पुस्तकं. पहिल्या शुक्रवारी कन्या कंटाळून आली. दुसऱ्या शुक्रवारी मात्र म्हणाली, "बाबा, पुस्तकं शोधायला त्रास होतच नाही. काकूंना सगळी तोंडपाठ आहेत. अडचण वेगळीच आहे. लोक पुस्तक परत करत नाहीत, आणि काकूंना मागायला संकोच वाटतो. ज्यांच्या घरी जेवलो त्यांना फोन करून पुस्तक कसं मागायचं?"

ॲप बारगळलं. त्याऐवजी प्रत्येक पुस्तकात एक कार्ड, तारखेप्रमाणे लावायची एक पेटी (होय, बुटांचं खोकंच!) आणि कुणालाही उघडता येईल अशी एक साधी एक्सेलची यादी झाली. आठवणीचा फोन काकूंनी नव्हे, दुसऱ्या स्वयंसेवकाने करायचा. कसं काय करायचं ते मराठीत एका पानावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मग परीक्षा. शेजारच्या नववीतल्या मुलाला एक शुक्रवार कारभार दिला आणि काकू व कन्या आतल्या खोलीत चहा पीत बसल्या. तो दोन ठिकाणी अडला. कन्येने ते पान पुन्हा लिहिलं.

सही-शिक्का मिळाला. पुण्यात परीक्षकांनी विचारलं, "यात सॉफ्टवेअर कुठे आहे?" ग्रेड 'बी' आली. त्या रात्री फोनवर आवाज जड होता. आम्ही काय समजूत घालणार? आम्ही 'ए'वाले!

आपल्यापैकी कुणाचं मूल असंच सही-शिक्क्याच्या पत्रासाठी मागे लागलं, तर सही जरूर द्या. मात्र आधी विचारा, "तू गेल्यावर हे कोण चालवणार? त्या माणसाने तुझ्याशिवाय एकदा तरी चालवून बघितलंय का?" मूल थोडं वैतागेल. वैतागू द्या.

नोव्हेंबरात काका निवृत्त झाले आणि काकू कायमच्या नागपूरला गेल्या. चारही कपाटं मंगाफला एका घरी हलली. आम्ही मनातल्या मनात फोनची वाट बघत होतो, की हे कसं लावायचं ते सांगा. फोन काही आला नाही, आम्हाला नाही आणि कन्येलाही नाही. शेवटी न राहवून एका शुक्रवारी आम्हीच तिकडे गेलो. वहिनी पुस्तकं देत होत्या. आम्हाला बघून त्यांनी खोक्यातून एक कार्ड काढलं आणि हसत म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमच्या नावावर जुलैपासून दोन पुस्तकं आहेत."