मीटिंग कुठे भरते?

गोव्यात बारचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. बसस्टॉपसमोर एक, देवळाकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक, मासळी मार्केटला लागून दोन. सोऱ्याला आपल्याकडे तसा मानही आहे. सर्दीपडशावर फेणी चोळायची, उन्हाळा लागला की हुर्राकाची वाट पाहायची, काही गावांत तर राखणदारापुढे रोटाबरोबर सोरो ठेवायचा. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपल्या सर्वांनाच बरे वाटले होते.

त्यात वाईट काही नाही. पण ज्याला सोरो सोडायचा आहे त्याने जायचे कुठे? बारला पाटी असते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे 'एए'च्या मीटिंगला बहुधा नसते.

माझ्यावर ती शोधायची पाळी आली ती मावसभावामुळे. आम्ही त्याला दादा म्हणतो. खरे नाव लिहीत नाही, कारण या संस्थेच्या नावातच 'अनामिक' आहे. दादा नोकरीत चोख, चतुर्थीला माटोळी स्वतः बांधणारा. गेल्या दोन वर्षांत मात्र माटोळी बांधताना त्याचे हात कापू लागले होते. एका रात्री वहिनीचा फोन आला. "भावोजी, आज ते स्वतःच म्हणाले, आता पुरे. कुठे नेऊ त्यांना?"

आधी डॉक्टरांकडे नेले. हे मुद्दाम लिहितो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केले तर थरथर, फिट, भ्रम असे प्रकार होतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. निग्रह करून खोलीत कोंडून घेणे हा उपाय नव्हे. आठवडाभर दादा औषधांवर होता. मग डॉक्टर म्हणाले, "शरीरातली उतरली, आता मनातली उतरायची आहे. मीटिंगला जा." आणि एक फोन नंबर दिला.

मी फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारले, "पिणारे तुम्हीच का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग त्यांनाच द्या फोन." दादा परसात जाऊन दहा मिनिटे बोलत राहिला. परत आला तो पत्ता घेऊनच. कपेलाजवळच्या शाळेचा एक वर्ग, संध्याकाळी सात.

झाले! मावशीने विचारले, "आमी इगर्जेंत कित्याक वचचें?" आपल्या बऱ्याच हिंदू घरांत हाच अडसर येतो. वास्तविक एए कुठल्याही धर्माची नाही. देवाचा उल्लेख तिथे होतो, पण ज्याला जसा उमगेल तसा. जागा मिळते तिथे बसायचे, इतकेच. मी हे सगळे समजावणार तोच दादा म्हणाला, "बारात जाताना मी कधी मालकाचा धर्म विचारला नाही." मावशी गप्प.

पत्ता शोधण्याची ही गोष्ट तशी जुनीच आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. दारू सुटून काही महिने झालेले, धंद्याचे काम फिसकटलेले, खिसा रिकामा. एका बाजूला बारमधला हशा, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चची यादी. तो टेलिफोनकडे वळला आणि आपल्यासारखाच एखादा पिणारा भेटेल का, अशी चौकशी करू लागला. दुसऱ्या दिवशी भेटला डॉक्टर बॉब स्मिथ. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेला हा सर्जन रात्री उशिरापर्यंत बसून राहिला. १० जून १९३५ हा त्याच्या शेवटच्या घोटाचा दिवस संस्थेचा स्थापनादिन मानतात. एकाने दुसऱ्याला आपलीच हकीकत सांगायची, उपदेश करायचा नाही, ही रीत तेव्हापासूनची.

पहिली मीटिंग 'ओपन' होती, म्हणून मलाही बसता आले. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी. मुलांची बाके, चहा, बिस्किटे. फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी एक पिशवी फिरते, खर्चासाठी ज्याला वाटेल त्याने टाकावे. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असते, म्हणून इतरांचे काही सांगत नाही. दादाचे त्याला विचारूनच सांगतो. त्याची पाळी आली तेव्हा तो नाव सांगून एवढेच म्हणाला, "हांव बेबदो." गावात हा शब्द त्याच्या पाठीमागे किती वेळा ऐकला होता! इथे त्याने तो स्वतः उच्चारला आणि कुणी हसले नाही. शेजारच्याने चहाचा कप पुढे सरकवला.

वहिनी आता 'अल-अनॉन'ला जाते. पिणाऱ्यांच्या घरच्यांची ही वेगळी संस्था १९५१ साली सुरू झाली, संस्थापकांत बिलची पत्नी लोइसही होती. बाटल्या शोधणे, ऑफिसात खोटे निरोप देणे, हे ओझे वहिनीने किती वर्षे एकटीने वाहिले ते आम्हा नातेवाइकांना आता कुठे कळते आहे.

दादाला आठ महिने झाले. "सोडली का?" असे कुणी विचारले तर तो "आज घेतली नाही" एवढेच सांगतो. उद्याची हमी तो देत नाही, आम्हीही मागत नाही.

तुमच्या घरात कुणी "आता पुरे" म्हणत असेल तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, सकाळी विचार बदलतो. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा मोफत क्रमांक १४४४६ आहे, बांबोळीला सरकारी मनोविकार रुग्णालय आहे. आणि मीटिंगचा पत्ता मिळाला की पहिल्या दिवशी बरोबर जा. आत शिरायचे ते त्यालाच शिरू द्या, पण दारापर्यंत सोबत हवी.