आजीची पुरचुंडी

"माझं पैसं हिनंच घेतलं," आजी वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. ही म्हणजे माझी आई. कांद्याचे आलेले शंभर-दोनशे रुपये फडक्यात बांधून आजी स्वतःच कुठंतरी ठेवायची आणि विसरायची. मग घर उलथंपालथं. पुरचुंडी कधी उतरंडीच्या तळच्या मडक्यात सापडायची, कधी गोवऱ्यांच्या ढिगात. सापडली तरी आजी म्हणायची, "बोंबललं तवा ठेवलीस व्हय माघारी?" नळावर बायका आईकडं वळून बघायच्या.

गावाचे निकाल दोनच. म्हातारीला बाहेरचं झालंय, नाहीतर सून छळतेय. आठवीत असताना एकदा मीही आईला विचारलं, "खरं सांग, घेतलेस का?" ती भाकरी थापत राहिली.

आजी जाऊन बारा वर्षं झाल्यावर फ्रान्सिस्को लोपेरा या कोलंबियातल्या मेंदूतज्ज्ञाविषयी वाचनात आलं. १९८४ साली, ते अजून शिकतच होते तेव्हा, खेड्यातला एक ४७ वर्षांचा माणूस त्यांच्याकडं आला. सगळं विसरू लागलेला. बापाचंही तसंच झालेलं. लोपेरा दवाखान्यात बसून राहिले नाहीत. अँटिओकियाच्या डोंगरातली खेडी हिंडले, घराण्यांच्या वंशावळी मांडल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. तिथले लोक या आजाराला 'ला बोबेरा' म्हणत, म्हणजे खुळेपणा. कुणी शाप म्हणत. (बाहेरचंच की!) निघाला तो प्रेसेनिलिन-१ या जनुकातला बिघाड, पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला अल्झायमर. ऐन पंचेचाळिशीत माणसं विसरू लागायची. पुढं त्या घरांनी आपल्या मेलेल्या माणसांचे मेंदूही संशोधनाला दिले.

आजीचं दुखणं त्या जातीचं नसणार. तिला ते सत्तरीनंतर लागलं, आणि डॉक्टरपर्यंत तिला कुणी नेलंच नाही. पण वाचता वाचता कळलं, की अल्झायमर आधी हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतचा भाग पोखरतो. नवी आठवण धरून ठेवायचं काम तिथलं. चाळीस वर्षांपूर्वीचं लग्न आठवतं, सकाळी ठेवलेली पुरचुंडी नाही. वस्तू जागेवर नाही, म्हणजे कुणीतरी नेली. आणि आळ येतो तो जवळच्याच माणसावर, रोज उठून करणाऱ्यावर. या आजारात हे नेहमीचं.

आईला हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजी आत्याबाईंचा माझ्यावर राग नव्हता?"

"नव्हता."

तिनं सूप खाली ठेवलं.

"मग तू कशापायी इचारलं हुतंस?"